गल्लीतल्या भरिताला काय नेसावं

१९३८ सालच्या पौषात, दुपारी जळगाव स्टेशनात गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर धुळ्याकडच्या भिकुबाई आणि जळगावच्या पुष्पाबाई बोलत होत्या. ओळख नुकतीच झालेली.

“जावाई लेवाले येई ऱ्हायना. तेस्ना गल्लीमा आज भरीत शे,” भिकुबाई म्हणाल्या.

“जावई न्यायला येणार म्हणून हे रेशमी लुगडं?”

“पाटलीणबाईनं शे. मांगीसन आनं.”

“अहो, मागून आणलेलं ना? रस्त्यात कपाशीच्या पराट्या पेटवून वांगी भाजतात. एक ठिणगी उडाली की भोक पडेल. जुनं लुगडं नेसा, वर गोधडी घ्या. सगळे तसेच बसतात.”

“व्याहीन बी?”

“विहीणबाईसुद्धा. धुरानं डोळे चुरचुरतात, हात तेलकट, आणि तिखट इतकं की नाक पुसायला पदर लागतो.”

“लगीनमा मनं लुगडं फाटेल व्हतं. व्याहीन हासनी. पोर दोन दिन रडनी.”

“असं होय.”

“जुनं शे गठोडामा. मंग रेशीम कव्हय नेसू?”

“जेवणं उरकून पराट्या विझल्या की नेसा. पण थंडी खरी तेव्हाच झोंबते. बाकीच्या गोधड्या गुंडाळून बसतील आणि तुम्ही एकट्या नुसत्या लुगड्यात कुडकुडाल.”

“व्याहीन तठेच बठेल ऱ्ही?”

“असतील की. शेवटी चहा असतो.”

भिकुबाईंनी जुनं लुगडं काढायला गठोडं सोडलं.

“मंग कुडकुडसू.”