पाइप नको, पूल

साहेबाला वहाळात उभं करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, मी पाहिलीय. नव्वदच्या दशकात पेणजवळ हायवे रुंद करायचा होता आणि मी सर्व्हेला होतो. मध्ये खाडीला मिळणारा वहाळ आडवा आला. आमचे साहेब म्हणाले, "कोरडाच आहे. भराव टाकू, खाली दोन पाइप पुरे."

मिठागरात काम करणारी पारूबाई ऐकत होती. ती म्हणाली, "आता ओहोटी हाय, साहेब. पाइपातून भरती मावायची नाय. खारं पाणी आमच्या भातात घुसंल."

"बाई, आम्ही शिकून आलोय."

"मग उतरा वहाळात. मी पण उतरते."

साहेब हट्टाने उतरले. भरती लागली. पाणी गुडघ्यावरून कमरेला आलं, तसे साहेब धडपडत काठावर आले. पारूबाई हलली नाही.

"बाई, वर या!"

"नाय येत. भराव माझ्यावरच टाका."

शेवटी साहेब मला म्हणाले, "लिही, इथे पूल."

मी पेन्सिल काढली. पाण्यातून पारूबाई ओरडली, "ओ भाऊ, शाईनं लिवा!"