एक वर्ष आगाऊ

(दातांच्या कवळ्या बनवायची जागा. जेवणाची सुट्टी. कामाच्या टेबलाशी बाबा, समोर त्यांची मुलगी ठकू.)

ठकू: तिथे नाही बाबा, खालच्या रेघेवर. वर मी सही करायची आहे.

बाबा: हात तर धुऊ दे. बोटांना प्लास्टर लागलंय. साहेब म्हणेल, अर्जाचाच साचा काढला की काय या माणसाने.

ठकू: चारला परवाना कचेरीची खिडकी बंद होते. दोन वाजून गेलेत.

बाबा: माहितीय. बस त्या स्टुलावर. ट्रेला धक्का लावू नकोस, उद्या द्यायच्यात त्या कवळ्या. काय लिहिलंयस ते वाच बघू.

ठकू: तुम्हाला पाठ आहे ते.

बाबा: तरी वाच.

ठकू: 'मी आजवर वडिलांच्या परवान्यावर, त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलगी म्हणून इथे राहिले. येत्या गुरुवारी मला एकवीस वर्षं पूर्ण होत आहेत. त्यामुळे यापुढे मला आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी म्हणून राहण्याची परवानगी मिळावी.' झालं. मग आत्याचं पत्र.

बाबा: तिने नीट लिहिलंय ना?

ठकू: फारच नीट. माझं तिकडे घर आहे, स्वतःची खोली आहे, शिक्षण संपलं की मी तिथे जाणार. परत जायला जागा आहे हे दाखवावं लागतं ना. पण बाबा, आत्याने खरोखर खोली रिकामी केलीय. शिलाई मशीन बाहेर काढलं, पलंग आणला. फोटो पाठवून विचारते, पंखा डोक्यावर हवा की पायाशी. मी काय कळवू तिला?

बाबा: भाबडी आहे ती. खरं कुठलं आणि कागदापुरतं कुठलं, तिला कळत नाही.

ठकू: आपल्याला कळतं?

बाबा: ते जाऊ दे. कॉलेजचं काय ठरलं?

ठकू: सोमवारी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं स्वागत आहे. हजेरी लागते म्हणे. बसचं तिकीट कसं काढायचं ते शिकवणार आहेत. सोळा वर्षं मी त्या बसने फिरतेय. चार नंबरचा ड्रायव्हर आईच्या पाठदुखीची चौकशी करतो. आणि मी पाहुणी.

बाबा: नको जाऊस मग सोमवारी.

ठकू: नाही कसं जाऊ? बाबा, सात महिने फक्त. सात महिन्यांनी तुमचा, आईचा, धाकट्याचा कायमचा परवाना येईल. मी थोडी उशिरा जन्मले असते तर तेव्हा एकवीसच्या आत असते आणि त्यात चौथं नाव माझं असतं. दुसरं काही सुचतच नाही मला हल्ली.

बाबा: उशिराच जन्मलीस तू.

ठकू: म्हणजे?

बाबा: एक वर्ष उशिरा. गुरुवारी तुला वीस पूर्ण होतायत.

ठकू: आज चेष्टा नको, बाबा.

बाबा: चेष्टा नाही करत. हा घे. तू झालीस त्या सूतिकागृहाचा कागद आहे. आईने डब्यात जपून ठेवला होता. साल वाच.

ठकू: हे चुकून पडलंय.

बाबा: तेवढंच बरोबर आहे. बाकी सगळीकडे मी चुकवलंय.

ठकू: कसं?

बाबा: तू तीन वर्षांची होतीस. आम्ही दोघं कामावर. शेजारच्या काकू सांभाळायच्या, त्यांनी एक दिवस हात जोडले. तिकडे शाळेत घ्यायला चार वर्षं पूर्ण हवी होती. तुझी जन्माची नोंद करायची तशीच राहून गेली होती. शाळेतला कारकून म्हणाला, प्रतिज्ञापत्र करा आणि साल एकने मागे घ्या, सगळेच करतात. पोरीचं एक वर्ष वाचेल. मलाही वाटलं, वाचेल. घाई झाली होती मला. मग त्याच्यावरून पासपोर्ट झाला, पासपोर्टवरून इथला परवाना. पहिला कागद खोटा, पुढचे सगळे शिक्के खरे.

ठकू: आईला माहीत होतं?

बाबा: ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही.

ठकू: म्हणून मी वर्गात सगळ्यांत बुटकी होते. आणि माझे दात. सगळ्यांचे पुढचे दात पडले, माझे पडेनात. मी रडत घरी आले होते. तुम्ही तो छोटा आरसा तोंडात घालून बघितलंत आणि म्हणालात, आमच्या ठकूचे दात पक्के आहेत.

बाबा: दातांवरच तर पोट आहे माझं. तेव्हाच दिसत होतं. दात वेळेवर पडणार होते, वर्गच पुढे गेला होता.

ठकू: मला राग आलाय.

बाबा: येऊ दे.

ठकू: असं लगेच येऊ दे म्हणू नका. मला धड रागावता तरी येऊ दे. मी वीसची आहे ना? मग हा कागद त्यांना दाखवू. आत्ताच चला.

बाबा: म्हणूनच आणलाय. वकीलबाईंना विचारून आलो गेल्या आठवड्यात. त्या म्हणाल्या, दाखवता येईल. पण मग ते विचारणार, सोळा वर्षं दुसरी तारीख का लिहीत होता? सगळ्यांची फाइल मागे जाईल. फेटाळतील की ठेवतील, त्यांनाही सांगता येत नाही.

ठकू: आणि नाही दाखवला तर?

बाबा: आम्ही तिघं पक्के. तू शिकत असेपर्यंत इथे. पुढचं कोणी बघितलंय.

ठकू: हे सही झाल्यावर सांगायचं होतं ना. मला कशाला निवडायला लावता?

बाबा: तुझ्या वयावर एकदा तुला न विचारता सही केली मी. पुन्हा नाही करवत. तू म्हणालीस दाखवा, तर त्या खिडकीवर मी स्वतः सांगेन. माझी चूक आहे, माझ्या तोंडाने कबूल करीन. मग काय व्हायचं ते होऊ दे.

ठकू: आईची नोकरी जाईल?

बाबा: जाऊ शकते.

ठकू: धाकट्याचं हे शाळेचं शेवटचं वर्ष.

बाबा: त्याचा विचार तू करू नकोस.

ठकू: मग कोण करणार? तुम्ही घाई करता, आई गप्प बसते. तो कागद इकडे द्या.

बाबा: दाखवतेस?

ठकू: नाही. माझ्याजवळ ठेवते. माझा आहे. आता हात पुसा आणि इथे सही करा.

बाबा: ठकू, नीट विचार कर.

ठकू: केला. करा सही. अंगठ्याला अजून आहे प्लास्टर, त्या फडक्याला पुसा. हां. आता वरची मी करते. 'शिक्षण पूर्ण होताच मी मायदेशी परत जाईन.' झाली.

बाबा: आत्याला मी समजावून सांगतो. मशीन परत ठेव म्हणतो.

ठकू: नको. तिला कळवते, पंखा डोक्यावर.

बाबा: जाणार आहेस?

ठकू: पलंग आणलाय तिने. कधीतरी सुट्टीत चार दिवस झोपून येईन. निघते मी, पावणेतीन झाले.

बाबा: रागावली आहेस अजून.

ठकू: हो. बरेच दिवस राहीन. गुरुवारी केक मात्र आणा. आणि वर आकडा वीसचा सांगा.

बाबा: ती बेकरीवाली म्हणेल, गेल्या वर्षी वीसचाच नेला होतात.

ठकू: सांगा तिला, गेल्या वर्षी घाई झाली होती.