घड्याळ दाब

दुपारच्या पाळीला निघालेल्या नर्सबाई बसच्या रांगेत उभ्या होत्या. मागे एक रंगारी आणि त्याची शाळकरी मुलगी येऊन थांबली. बापाच्या मनगटावर पांढरा रंग वाळला होता, लेकीच्या गळ्यात बुद्धिबळ स्पर्धेचं ओळखपत्र होतं. नर्सबाईंनी मान न वळवता कान तेवढे मागे लावले.

"अगं, पण जिंकत होतीस ना?"

"डाव समोरच्या मुलीचाच होता, बाबा. पण तिचं एकच मिनिट उरलं होतं."

"मग?"

"चाल केली की घड्याळ दाबायचं असतं. ती विसरली. तिचाच वेळ पळत होता."

"आणि तू?"

"मी म्हटलं, घड्याळ दाब."

"तूच सांगितलंस? गप्प बसली असतीस तर?"

"तिचा वेळ संपला असता. मी जिंकून जिल्ह्याच्या संघात गेले असते."

"नियमानं?"

"नियमानंच."

"मग कशाला बोललीस गं बाई?"

"वजिराची काय सुरेख चाल केली होती तिनं! मला सुचली नसती. ती अशी फुकट जाऊ द्यायची?"

बापानं खिशातून फोन काढला. घरी बायकोला लावला.

"हॅलो, मी बोलतोय. हरली... छे गं, रडतबिडत नाहीये. मी कशाला रागावू? तू आधी आईला हाक मार. फोन स्पीकरवर टाक. अगं, आपली पोर आज काय हरलीय म्हणून सांगू!"