दंडाचं नाटक

चीनमधल्या हानखौ शहरात, शान्शी प्रांतातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या अंगणात एकवीस बाकं, एक रंगमंच आणि एक तराजू होता. माझ्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

“आजचं नाटक कुणाच्या खर्चानं?”

“तेलवाल्या त्वानच्या. काटा मारताना दुसऱ्यांदा सापडला, म्हणून दंड.”

“मागच्या दंडाच्या नाटकात सेनापतीच्या एकाच पायात बूट होता.”

“तिथंही मापात मारलं लेकानं.”

“आज नाटकाआधी त्याचं वजन तपासणार. पुन्हा कमी भरलं तर संघातून बाहेर. गावी नेईपर्यंत इथं संघाच्या मागच्या खोलीत ठेवलेली बापाची शवपेटीसुद्धा उचलायची.”

“काका, ऐकतोय मी,” माझ्या शेजारून त्वान म्हणाला. “जुनं वजन फेकलं. नवं घेतलंय.”

“कुठून?”

“ह्वेइचौवाल्याच्या दुकानातून.”

“घ्या. चोरानं वजन आणलं, तेही परमुलखातल्या दरोडेखोराकडून.”

“आपल्या गावचे लोहार मेले होते का रे?”

“आधीची दोन्ही वजनं त्यांचीच होती, काका.”

“बापाला उचलायला माणसं बघून ठेव.”

संघाच्या मुनीमानं एका पारड्यात सोळा लिआंगचं प्रमाण वजन ठेवलं, दुसऱ्यात त्वानचं. काटा मधोमध थांबला.