फाटकाजवळचा दगड

टायरच्या दुकानातल्या बाकावर मी पंक्चर निघायची वाट बघत होतो. शेजारी एक आजोबा, आणि मांडीवर पांढरी काठी आडवी धरलेल्या आजी. दुकानदार त्यांचा टायर घरंगळवत घेऊन आला.

“आजोबा, हा गेला. बाजूलाच चिरलाय, पंक्चर काढून भागणार नाही. रोज कशाला तरी घासतो का?”

“फाटकाजवळ एक दगड आहे.”

“मग उचलून फेका की तो!”

“मी सांगून थकले. अंदाज चुकतो यांचा, पण ऐकतील तर शपथ!”

“बरं, हायब्रिड गाडी आहे तुमची. बॅटरीवर आवाज नसतोच, त्यात हे नवे, कमी आवाजाचे टायर बसवले की गाडी आल्याचं कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“नको. जरा आवाज करणारे दाखव.”

“अहो, लोक उलटं मागतात!”

“जुनी गाडी कोपऱ्यावर आली, की हिला घरात कळायचं. ही नवी गाडी मांजरासारखी येते. पहिल्याच दिवशी मी एकदम जवळ जाऊन बोललो, तर केवढी दचकली! हातातली बरणी फुटली.”

“मग हॉर्न वाजवायचा ना.”

“हॉर्न काय, गल्लीत कुणीही वाजवतं.”

आजी त्यांच्याकडे वळल्या. “म्हणजे... अहो, तुम्ही मुद्दाम घासायचात?”

“हळूच.”

“आणि मी मेली रोज दारात येऊन ओरडायचे, धड गाडी लावता येत नाही म्हणून!”

“ओरडायला का होईना, दारात तर यायचीस.”