मडमेनं इचारलेलं नाव

माहं माहेर शेंदूरजनाघाटचं. संत्र्याच्या बगीच्यात वाढली मी, माळ्याची पोट्टी, बापानं शेवंता नाव ठेवलं, मी झाली तवा बांधाले शेवंती फुलली होती म्हने, खरं-खोटं बाप जाने. शाळेत गेली मी, नाई असं नाई, पाटीवर अक्षरं काढाले शिकली, मंग मायनं म्हटलं झालं तेवढं पुरे, खुरपाले कोन जाईन. तवा आपलं वऱ्हाड सीपी-बेरारमधी होतं, राज इंग्रजाचं होतं, पन आमच्या बगीच्यात काही इंग्रज आला नाई. संत्र्यानं बंड्या, म्हनजे बैलगाड्या, भरून जात, तेवढंच आमाले मालूम.

लगन झालं तवा मी लहानच होती. नांदगाव पेठले देलं मले. सासरी भाजीपाला होता, वांगे, मेथी, सांभार म्हनजे कोथिंबीर, विहिरीवर मोट अन अमरावतीच्या बाजारात पाल मांडून बसनं. घरात तीन भाऊ होते, पन मी नांदाले गेली तवा एकच उरला होता, माहा नवरा, सगळ्यात धाकटा. मोठा साप चावून गेला, मधवा तापानं गेला. दोघाइच्या बायका घरातच होत्या, माह्या जावा, कपाळ मोकळं, हात मोकळे, अन माह्या ताटाले ताट लावून जेवाले बसत. सासूचं म्हननं एकच, या दोघींनी माह्या पोराइचं नाव घेतलं म्हनून ते गेले. आता उखान्यात तं सारं जग नवऱ्याचं नाव घेते, त्या दोघींनीबी लग्नात तेवढंच घेतलं होतं, पन जिचे दोन पोरं गेले तिले कोन समजावनार? तिनं मले विहिरीवर नेलं, पान्यात हात बुडवाले लावला अन म्हने, शपथ घे, माह्या या पोराचं नाव तो जिता हाय तवर तुह्या तोंडातून निघनार नाई, उखान्यातबी नाई. घेतली म्या शपथ. त्या दोघी धुनं धूत होत्या तिथंच, त्यायनं मान वर करून पाह्यलंबी नाई.

अन नवरा कसा, तं अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकनारा. भाऊ गेल्यावरबी सासऱ्यानं त्यायची शाळा सोडवली नाई, हेच म्हना नशीब. सुट्टीत घरी येत, अन वाफ्यात मी मेथी खुडत बसली की बाजूले येऊन बसत अन म्हनत, व्हॉट इज धिस? मी हासत सुटो. मंग ते दटावत, हासू नको, धिस इज अ ब्रिंजल म्हन. मी म्हनो, हे तं वांगं हाय. ते कपाळाले हात लावत. असं करता करता शिकली मी. काय सांगू तुमाले बाई, त्या इंग्रजीपायी आमचं बोलनं सुरू झालं, नाई तं सासू-सासऱ्याच्या घरात दिवसा नवऱ्याशी बोलनार कोन? सासू दुरून पाहे, तिले वाटे पोरगा काही मंत्र शिकोते हिले, आडवी जात नसे.

पन मी मुकाट्यानं शिकनारी नव्हती. इचारो. आंब्याले अ मँगो अन संत्र्याले ॲन ऑरेंज, काहून? माह्या बापाच्या संत्र्यानं काय घोडं मारलं, त्याच्यापुढंच वेगळा शब्द कायले? ते म्हनत नियम हाय. म्या म्हटलं नियम कोनं केला, त्याले इचारून या. मंग बिचारे तोंडाचा आ करून ओ करून समजावून सांगत. काका अंकल, मामा अंकल, मावसाबी अंकलच, तं म्या म्हटलं मंग लग्नात मानाचा आहेर कोनाले करतात यायच्यात, भांडनं होत नसतीन का? अन सगळ्यात नवल वाटलं त्या यू चं. तूबी यू अन तुमीबी यू. सासऱ्याले यू, नवऱ्याले यू, दारातल्या कुत्र्यालेबी यू. म्या म्हटलं हे लोक तं भारीच बेशरम दिसतात. ते एवढे हासले, एवढे हासले, की सासऱ्यानं मोट थांबवून पाह्यलं. ते हासनं आताबी कानात हाय माह्या. सुखाचे दिवस म्हनजे काय असतात मी तुमाले इचारलं तं तुमी दागिने सांगसान, घर सांगसान, मी ते मेथीचे वाफे सांगीन.

म्याट्रिक झाले अन अकोल्याच्या एका कचेरीत कारकून म्हनून चिकटले. मले घेऊन गेले. सासू नाई म्हनत होती, पन ते अडून बसले, तिचं चाललं नाई. अकोल्यात एक खोली होती आमची, टिनाची, समोर कापसाच्या बंड्या उभ्या राहत, घरभर कापूस उडे, भाजीतबी सापडे. पन राज होतं माहं. संध्याकाळी कचेरीतून आले की हातपाय धुवाच्या आधी इंग्रजीत काही तरी इचारत अन मी चुलीजवळून उत्तर देवो. कचेरीत त्यायले हेडक्लार्क अन बाकीचे जरा चिडवत, माळ्याचा पोरगा, बायको खेड्यातली, हिले वांग्याचा भावच माहीत असंन. मंग हे फुशारकीनं सांगून आले, माही बायको इंग्रजी बोलते.

झालं. साहेबाच्या बंगल्यावर हिवाळ्यात चहा होत असे, साहेबाची मडम कारकुनाइच्या बायकाइले बोलावत असे. आजपर्यंत बाया जात, मुक्यानं बिस्कुट खात अन परत येत. यांदा ह्यायनं मले चार दिवस आधीपासून तयार केलं. तुह्यं नाव काय, बापाचं नाव काय, गाव कोनतं, अकोलं आवडते का, जेवायले काय रांधतं, सारं घोटून घेतलं. नवं लुगडं घेतलं, अंजिरी. म्हनत, एकदा साहेबासमोर कळू दे सगळ्याइले, मंग कोन तोंड उघडते पाहू.

बंगल्यावर गेली. बाया एकीकडं, मानसं ओसरीत. मडम चांगली होती बाई, खोटं कायले बोलू, गोरी, उंच, डोळे हसरे. माह्या पुढं येऊन उभी राह्यली अन इचारलं, व्हॉट इज युवर नेम. म्या सांगितलं. गाव इचारलं, सांगितलं. अकोलं आवडते का म्हने. म्या म्हटलं येस मॅडम, बट इट इज टू हॉट. हे तं घोटलेलं नव्हतं, माह्या मनानं बोलली मी. मडम टाळी वाजवून हासली, साहेबबी ओसरीतून आत आला, अन साऱ्याइच्या मागं हे उभे होते, त्यायचं तोंड असं फुललं होतं की मी पाहतच राह्यली. मंग मडमेनं इचारलं, अँड व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?

चार दिवसात सारं घोटलं, पन हा सवाल त्यायनं कधी इचारलाच नव्हता. मराठी मानसाले तो सुचतच नाई, नवरा बायकोले असं इचारते कुठं? मडमेले वाटलं समजलं नाई, तिनं हळू हळू पुन्हा म्हटलं. आमच्याकडं कोनी नवख्यानं असं इचारलं तं जवळची बाई पटकन सांगून टाकते, तोच रिवाज हाय, त्यासाठीच बाया बाजूले असतात. म्या हेडक्लार्कच्या बायकोकडं पाह्यलं. तिले समजलं होतं. तिनं पदर सारखा केला अन दुसरीकडं पाह्यलं. इंग्रज लोक मिस्टर म्हनून आडनाव सांगतात, तेवढ्यानं भागून जाते, हेबी मले मंगच कळलं, तवा कोनी सांगितलं असतं तं आडनाव काय, साऱ्या गावाचं नाव घेतलं असतं म्या. पन डोळ्यापुढं माह्या जावा आल्या, त्यायचे मोकळे हात आले. अन मागून ह्यायचा आवाज आला, सांग ना. म्या मान हालवली. पुन्हा म्हनतात, मी सांगून राह्यलो ना तुले, सांग. म्या पुन्हा मान हालवली. तशी मडम हासली, वाईट मनानं नाई, गंमत म्हनून हासली, अन साहेबाले म्हने, पुअर थिंग, हिले आपल्या नवऱ्याचं नावच माहीत नाई! अन सारे हासले. मले एक एक शब्द समजला बाई. नसतं शिकोलं तं समजला नसता.

घरी आल्यावर हे म्हनतात, तुले नाव येते, तुले इंग्रजीबी येते, मंग काहून माही फजिती केली? म्या शपथेचं सांगितलं. ते म्हनतात ती माही माय हाय, अडानी हाय, तू तं शिकली. नावानं मानूस मरते का? म्या म्हटलं मरत नसंन. पन मेला तं? याचं उत्तर कोनापाशी असते सांगा बरं. कचेरीत मंग लोकाइनं त्यायचं जिनं हराम केलं. कागदावर सही करा म्हटलं की म्हनत, पाहा बावा, नाव आठोते का, का बायकोले इचारू? शेवटी एक दिवस मले नांदगावले आनून सोडलं. म्हने, ज्या दिवशी माहं नाव घेशीन त्या दिवशी येऊन घेऊन जाईन. मानूस वाईट नव्हता. दुसरी केली नाई, दारू नाई, मले कधी बोट लावलं नाई. पन जिद्द. अन जिद्दीत मी काही कमी नव्हती, माळ्याच्या घरची, जमिनीतून दगड काढनारी.

सनावाराले येत. जातानी दारात उभे राहून इचारत, काय मंग? मी खाली पाहो. निंगून जात. काही वर्सं इचारलं, मंग इचारनंबी सोडलं. इंग्रजी तं केव्हाच सुटली होती. मी वाफ्यात एकटी बसो अन वांग्याले म्हनो, धिस इज अ ब्रिंजल, अन डोळ्याले पदर लावो. सासू म्हने, माही पोर गुनाची, माह्या लेकाले जगोलं तिनं. तिच्या शब्दावर तेवढे दिवस काढले म्या.

अन एका उन्हाळ्यात अकोल्याहून निरोप आला की टायफड झाला, दवाखान्यात टाकलं. मी अन सासरा गेलो. वळखू येत नव्हते हो, हाडं तेवढे राह्यले होते. सासरा दवाई आनाले गेला तवा मी खाटेजवळ बसली. दुपार होती. त्यायनं डोळे उघडले, मले पाह्यलं अन बारीक हासले. किती वर्सानं हासले. अन म्हनतात, व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?

बाई, मले सांगाचं होतं. इतके वर्स नाव तोंडात धरून धरून जीभ कंटाळली होती. पन तुमीच सांगा, ज्या नावासाठी चांगला धडधाकट नवरा सोडला, ते नाव, तो खाटेवर असा पडला असतानी घेवो? रोज नाई घेतलं अन आजच घेवो? म्या त्यायचा हात हातात धरला अन म्हटलं, आधी बरे व्हा, घरी चला, मंग दिवसभर घेतो तुमचं नाव, साऱ्या गावात ओरडत फिरतो. ते म्हनले, बरं. एवढंच, बरं. अन डोळे मिटले. सासरा दवाई घेऊन आला तवा सारं आटोपलं होतं.

बाहेर टेबलावर दवाखान्याचा बाबू बसला होता. सासरा भिंतीले टेकून खालीच बसला होता, तं मलेच पुढं जा लागलं. बाबूनं मान वर न करता इचारलं, मयताचं नाव? अन काय झालं मले, इंग्रजीतच निघालं तोंडातून. माय हजबंड्स नेम इज पुंडलिक. पुंडलिक. पुंडलिक. बाबू म्हने, एकदा सांगितलं, समजलं.

मंग मीबी माह्या जावाइच्या रांगेत जाऊन बसली. सासू गेली, सासरा गेला, जावा गेल्या, भावानं मले इथं शेंदूरजनाघाटले आनलं, त्यालेबी आता किती तरी वर्सं झाले. भावाच्या नाती शिकतात, येता-जाता इंग्रजी झाडतात, मी ऐकत बसली असतो, चुकल्या तं चुकू देतो. लोक मले म्हनतात तू शपथ पाळली, पुन्याई लागीन. कुठं लागीन, कवा लागीन, देव जाने. मी चुकली असं मले आजबी वाटत नाई, अन मी बरोबर होती असंबी छातीले हात लावून सांगता येत नाई, दोन्ही खरं हाय, असूच शकते. आता मी दिवसातून कितीक वेळा ते नाव घेतो, झाडाले पानी देतानी घेतो, भाकर टाकतानी घेतो, कोनाचं काही बिघडत नाई, कोनी वळूनबी पाहत नाई.

तुमी मघाशी तुमच्या मालकाइले फाटकातून नावानं हाक मारली नाई का, म्या आयकलं. लाजू नका, मले वाईट नाई वाटलं. चांगलं वाटलं, ते लगेच ओ देऊन वळले नाई का, म्हनून. मारत जा बाई, खुशाल मारत जा हाका. सुखी राहा. अन त्यायनं ओ देल्ली की दोन घडी थांबून ती ओ आयकत जा, लगेच कामाचं बोलू नका.