दिव्यासाठी करडीचं तेल

खोटं बोलावं तर आमच्या काकानं! "समुद्रावरच्या दीपगृहात मी सोता तेल वाह्यलंय," असं सांगून तो बाळापुरात सगळ्यांची तोंडं बंद करायचा. मी शाळा सोडली तेव्हा म्हणाला, "तू कनेरगाव नाक्याच्या पुढं जानार न्हाईस."

मग मी हट्टानं रत्नागिरी गाठली. निघताना त्यानं दिव्यात वाहायला करडीच्या तेलाची बाटली दिली होती. कड्यावरून खाली फुटणाऱ्या लाटा तासभर पाहिल्या आणि दीपगृहावरच्या माणसाला बाटली दिली. ती परत देत तो हसला, "हा दिवा पहिल्यापासून रॉकेलवर चालतो. तेल आणणारे तुम्हीच पहिले."

गावी परतल्यावर तीच बाटली चावडीवर चारचौघांत काकापुढं ठेवली.

"आमच्या येळी तेलच लागायचं," काका म्हणाला.

"मग चला, उद्याच निघू. तिथं तुमीच सांगा."

"उद्या काहून? उद्या माझे गुडघे दुखनार हायेत."